सुट्टे उतरताना घ्या

आयटीवाल्याचा शनिवार कसा असतो हे वेगळं सांगायला नको. उशिरापर्यंत लोळायचं, एकदा लॅपटॉप उघडून शुक्रवारी सोडलेलं रिलीज अजून उभं आहे ना ते बघायचं, आणि आठवडाभर 'वीकेंडला बघू' म्हणून ढकललेल्या कामांकडे एक नजर टाकून पुन्हा लोळायचं. गेल्या शनिवारी मात्र हे सुख नशिबात नव्हतं. सकाळी सहालाच गाडी काढली आणि नारायणगावला पोचलो. घर रिकामं करायचं होतं.

अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून आईच्या मागे लागलोय, पुण्याला चल म्हणून. दर वेळी काहीतरी निघायचं. कधी जास्वंदीला पाणी कोण घालणार, कधी शेजारच्या काकूंच्या नातीचं बारसं. या वर्षी तिच्या गुडघ्यांनीच निर्णय दिला. आई पंधरा दिवसांपूर्वी आमच्याकडे राहायला आली आणि मागे राहिलेलं पन्नास वर्षांचं सामान आवरायला मी एकटा गेलो. (बायको म्हणाली, "तुझं घर, तूच आवर." बरोबरच आहे. तिने माझं पुण्यातलं एक कपाट आवरून बघितलंय.)

माळ्यावर काय नव्हतं? तांब्याचा बंब, पंप हरवलेला स्टोव्ह, माझी दहावीची गाईडं, ताईच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिका, आणि कशाची तरी 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेली सतरा झाकणं. सगळ्यात शेवटी, अगदी कोपऱ्यातून, डालडाचा पिवळा डबा निघाला. ओढला तर हलेना. हलला तेव्हा आवाज झाला, खळळ्...

तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. अण्णांचा डबा!

अण्णा एसटीत कंडक्टर होते. १९७० साली लागले, २००३ साली रिटायर झाले. हल्लीच्या पोरांना मशीनमधून फुर्रकन बाहेर येणारं तिकीट तेवढं माहीत. अण्णांच्या वेळी पत्र्याच्या पेटीत रंगीबेरंगी तिकिटांचे गठ्ठे असायचे, हातात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा आणि खांद्यावर चामड्याची पिशवी. गाडीतल्या दांड्यावर चिमटा वाजवत 'तिकीट, तिकीट' करत ते पुढे सरकायचे. मोड नसली की तिकिटाच्या मागे उरलेले पैसे लिहायचे, त्याला गोल करायचे आणि म्हणायचे, "सुट्टे उतरताना घ्या." हे वाक्य इतकं तोंडात बसलं होतं की मी खाऊला पैसे मागितले तरी तेच म्हणायचे. मी बिचारा कुठे उतरणार!

ड्यूटी संपली की डेपोत हिशोब. विकलेली तिकिटं आणि पिशवीतली रोकड जुळली पाहिजे, नाही जुळली तर फरक आपला. मी डबा घेऊन जायचो तेव्हा बघितलंय. अण्णा नाण्यांचे दहा-दहाचे मनोरे रचायचे आणि मध्येच एखादं नाणं बाजूला काढून खाकी शर्टाच्या वरच्या खिशात टाकायचे. ते न चालणारं नाणं. गर्दीत, अंधारात, चालत्या गाडीत कुणीतरी हातावर टेकवलेलं. त्याच्या जागी खिशातलं चांगलं नाणं ठेवायचे आणि मनोरा पुरा करायचे.

हाच अण्णांचा नाणेसंग्रह. लोक हवी असलेली नाणी पैसे देऊन घेतात. अण्णांनी तेहतीस वर्षं नको असलेली नाणी पैसे देऊन घेतली :-)

आईला ते अजिबात मान्य नव्हतं. "लोक ह्यांना गंडवतात आणि हे ते घरी आणून जपतात," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पण दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तोच डबा उघडायची. त्यातली निवडक नाणी चिंचेने घासून, लख्ख करून चौरंगावर मांडायची. वीस पैशाचं पिवळं, कमळाचं नाणं (१९६८ ते १९७१ या काळातलं) मधोमध. त्यात सोनं असतं असा आमच्या अख्ख्या आळीचा ठाम समज होता. नसतं. पण लक्ष्मी कमळात बसते, तेव्हा मान त्याचाच.

तर मी माळ्याखाली फतकल मारून बसलो आणि डबा ओतला.

आमच्या पिढीने किती आकार हाताळलेत! एक पैसा चौकोनी, दोन पैसे नागमोडी कडेचे, तीन पैसे षटकोनी, पाच पैसे पुन्हा चौकोनी, दहा पैसे पुन्हा नागमोडी. सगळे ॲल्युमिनियमचे, फुंकर मारली तर उडतील असे. अण्णा म्हणायचे, रात्री गाडीतला दिवा गेला तरी बोटांना कळायचं किती आले. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले, आणि १ जून १९६४ पासून 'नये' गळून नुसते पैसे राहिले. तरी आजी शेवटपर्यंत आण्यातच बोलायची. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. त्या पाव पैशावरून गावच्या दुकानदाराशी तिची भांडणं ठरलेली. राउंडिंग एररवरून मी क्लायंटशी भांडतो ते कुठून आलं असेल, ते आता कळलं.

नाणं कुठल्या टाकसाळीत पडलं ते ओळखायलाही अण्णांनीच शिकवलं. सालाच्या खाली बघायचं. चौकटच्या पत्त्यासारखी खूण असली तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, नुसता ठिपका असला तर नोएडा, आणि काहीच नसलं तर कोलकाता. मी सहावी-सातवीत असताना आमचा हा खेळच होता. भाजी आणून उरलेले पैसे आईला द्यायच्या आधी मी आणि अण्णा त्यांच्या जन्मगावांचा निकाल लावायचो.

एकदा ते आम्हाला नाणेघाटात घेऊन गेले. वर तो दगडी रांजण आहे ना, सातवाहनांच्या काळी घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकत असं सांगतात तो, त्याच्याशी उभं राहून अण्णा म्हणाले, "हा बघ, जगातला पहिला कंडक्टर इथे बसायचा. सुट्टे नसले तर त्याची काय पंचाईत होत असेल!" लेण्यातला नागनिकेचा शिलालेख, सातवाहनांचा इतिहास वगैरे सगळं मागे पडलं. मला आजही नाणेघाट म्हटलं की खाकी कपड्यातला सातवाहन कंडक्टर दिसतो.

असो. डब्यात तळाशी काही पुड्या होत्या. अंगारा बांधतात तशा, वर्तमानपत्राच्या कागदाच्या. वर बॉलपेनने अण्णांचं अक्षर. या मी कधी बघितल्या नव्हत्या. लहानपणी नाणी डब्यात सुटीच असायची. पुड्या बहुतेक पुढे कधीतरी, रिकामा वेळ मिळाल्यावर बांधल्या असाव्यात.

पहिली पुडी: "भोकाचा पैसा. जुन्नर-कल्याण, शेवटची गाडी. माळशेजला धुकं. गाडीतसुद्धा." दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली म्हणून १९४३ पासून १९४७ पर्यंत मधे मोठं भोक असलेला पैसा निघत असे. तो कुणीतरी त्या धुक्यात अण्णांच्या हातावर ठेवला होता. 

दुसरी: "परदेशी. खोडद. गोरा साहेब, त्याला कळलं नसेल." आत जर्मनीचं दहा फेनिगचं नाणं. खोडदला ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिथे येणारा कुणी शास्त्रज्ञ असावा. आकाशगंगेचा हिशोब करणाऱ्या माणसाचं खिशातल्या चिल्लरवर लक्ष नसणारच. 'त्याला कळलं नसेल' हे मात्र खास अण्णा. फसवणाऱ्याची बाजू तेच मांडणार!

तिसरी: "शिवराई. शिवनेरीच्या पायथ्याचा शेतकरी. नांगरताना सापडली म्हणाला. तिकिटाचे पैसे मी भरले." तांब्याची, झिजलेली, एका बाजूला 'श्री राजा शिव' मधली अर्धी अक्षरं. ही तेवढी अण्णांनी स्वतःहून मागून घेतलेली दिसते.

चौथी: "चार आणे. ३० जून २०११. चला, हेही रिटायर झाले." गेंड्याचं चित्र असलेलं पंचवीस पैशाचं नाणं. त्या दिवशी पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. बँकेत बदलून मिळत होती, पण अण्णा गेले नाहीत. स्वतः रिटायर होऊन आठ वर्षं झाली होती. सोबत मिळाली असेल.

आणि पाचवी. ही हातात घेतली तेव्हाच कळलं की हलकी आहे. उघडली तर आत काहीच नाही. वर लिहिलं होतं, "राणीछाप रुपया. ओतूरच्या आजी. परत द्यायचा." आणि 'परत द्यायचा' याला गोल केलेलं. तिकिटाच्या मागे करायचे तसं.

मी पुडी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. का ते पुढे सांगतो.

रात्री पुण्याला परत आलो. डब्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला मात्र, आमच्या चुलतभावाचा लगेच मेसेज, "दादा, विकू नकोस हां इतक्यात! वैष्णोदेवीच्या पाच रुपयाच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात!!" पाठोपाठ एक फॉरवर्ड, त्यात उद्गारचिन्हंच जास्त. वैष्णोदेवीची ती पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ सालची, आणि चलनात भरपूर आलेली. असल्या जाहिरातींत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून, आधी 'फी' भरा म्हणून लोकांना इतकं लुबाडलं गेलं की २०२१ च्या ऑगस्टमध्ये बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं, बाबांनो, आम्ही असल्या व्यवहारात नाही. हे सगळं त्याला टाईप करून पाठवलं. त्यावर त्याचा अंगठा आला. पण खरं सांगतो, माझ्याही डोक्यात किडा वळवळलाच. निदान बघू तरी काय आहे ते!

म्हणून रविवारी सकाळी जुना बाजार. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे पान्यापासून ग्रामोफोनपर्यंत काहीही मिळतं आणि घरून निघताना आपल्याला यातलं काहीही नको असतं. नाणी मांडून बसणारे एक काका आहेत. त्यांनी माझी पिशवी घेतली, भिंग काढलं आणि पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. आमच्या कोड रिव्ह्यूला अशी शांतता असते तेव्हा परिणाम वाईट असतात.

"धुतली कुणी?" काका म्हणाले.

"आईनं. दिवाळीला. चिंचेनं."

काकांनी डोळे मिटून घेतले. मग समजावून सांगितलं. धातूवर वर्षानुवर्षं जो काळसर, तपकिरी थर बसतो तो मळ नव्हे, ते नाण्याचं वय. जाणकार तोच बघतो. तो घासला की वरचं बारीक नक्षीकामही झिजतं आणि किंमत गेली. "नाण्याला पाणीसुद्धा लावायचं नसतं साहेब, आणि तुम्ही चिंच..."

मी म्हटलं, "आणि शिवराई?" ती तरी शाबूत होती, आईने तिला नुसतं कुंकू लावलं होतं. काकांनी ती उलटसुलट केली. "ही दुदांडी. या दोन आडव्या रेघा दिसतात ना? महाराजांच्या वेळची नव्हे, पेशवाईतली. नाव महाराजांचंच चालू ठेवलं होतं. भरपूर मिळतात." अण्णा गेले तोवर त्यांची खात्री होती की ही महाराजांच्या हातातून गेलेली आहे. बरं झालं त्यांना कुणी सांगितलं नाही.

मग काका रंगले. १९११ सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयाची गोष्ट सांगितली. राजाच्या झग्यावर हत्तीचं चित्र होतं, पण सोंड इतकी आखूड की लोकांना ते डुक्कर वाटलं. गहजब झाला, आणि १९१२ च्या रुपयावर हत्ती नीट काढावा लागला. प्रॉडक्शनमध्ये गेलेला बग आणि घाईघाईने काढलेला पॅच, दुसरं काय! दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. जिंकलेल्या राजाची नाणी आटवायची सोडून त्यावरच आपलं नाव. पण खालचा नहपान पुरता पुसला गेला नाही, नव्या ठशाखाली त्याचा चेहरा, अक्षरं थोडीथोडी दिसतात. डेटा ओव्हरराईट झाला तरी रिकव्हर होतो म्हणतात, ते एकोणीसशे वर्षं जुनं आहे तर.

"तुमच्या नाण्यांचं काय सांगू," काका शेवटी म्हणाले, "धातूच्या भावाने गेली तरी पुष्कळ. ठेवा घरी."

मी पिशवी बांधली. निघताना त्यांच्या पेटीत लक्ष गेलं आणि पाय अडकला. राणीछाप रुपये होते. व्हिक्टोरिया राणीचे. काकांनी एक हातावर ठेवला. बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात अकरा भाग चांदी आणि एक भाग हीण. हा रुपया वजन म्हणूनही वापरत. १८७७ च्या आधीच्या रुपयावर 'क्वीन' आणि नंतरच्यावर 'एम्प्रेस'. "तुम्हाला कुठला हवाय?" काकांनी विचारलं.

मला सांगता येईना. आमच्या रुपयावर काय होतं ते मी बघितलंच नव्हतं.

आता ती रिकामी पुडी. १९९१ सालची गोष्ट, मी बारा वर्षांचा. आळीतल्या पोरांनी बॅटसाठी वर्गणी काढली होती आणि माझे पैसे राहिले होते. अण्णांना मागितले तर 'सुट्टे उतरताना घ्या'. डब्यात एकच नाणं असं होतं की ज्याला विकत घेणारा सापडेल, हे मला कळत होतं. जड, थंड, काळपट चांदीचा रुपया. तो घेतला आणि गावातल्या एका सोनाराकडे गेलो. "आईनं पाठवलंय," म्हणालो. त्याने तोलून पस्तीस रुपये हातावर ठेवले. बॅट आली. मी ओपनिंगला गेलो आणि दुसऱ्याच बॉलला आउट झालो, हे जाता जाता.

घरी कुणी काही बोललं नाही. आठवडा गेला, महिना गेला. डब्यात इतकी चिल्लर, अण्णांच्या लक्षातच आलं नसेल अशी मी समजूत करून घेतली. पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न. पगारातून अण्णांना घड्याळ घेतलं, आईला बांगड्या केल्या. त्या रुपयाचा विषय मात्र कधी काढला नाही. आधी भीती होती, नंतर इतकी वर्षं झाली होती की सांगणंच चमत्कारिक वाटायला लागलं. आणि नंतर अण्णाच गेले.

आणि आता ही पुडी. म्हणजे रुपया अण्णांचा नव्हताच. तो कुणाला तरी परत द्यायचा होता.

काकांच्या हातावर रुपया परत ठेवला. विकत घेऊन पुडीत घालता आला असता, पण तो ओतूरच्या आजींचा झाला नसता.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. मी पुडी समोर ठेवली. तिने चष्मा वर केला, वाचलं, आणि पुन्हा लसूण घेतला.

"हा तू नेलास," ती म्हणाली. प्रश्न नव्हताच तो.

"तुला माहीत होतं?"

"ह्यांना माहीत होतं, म्हणून मला. सोनारानं चौथ्या दिवशी स्टँडवर गाठून सांगितलं ह्यांना, कंडक्टर, पोरगं येऊन गेलं तुमचं. हे तसेच खाकीवर गेले पैसे घेऊन, रुपया सोडवायला. तोवर त्यानं आटवला होता. कुणाची तरी जोडवी झाली म्हणे त्याची."

मला काय बोलावं सुचेना. "मग मला काही बोलले का नाहीत?"

"मी म्हटलं होतं, चांगला फोडून काढा कार्ट्याला. तर म्हणाले, त्याला सांगायचं असेल तेव्हा सांगेल. आपण विचारायचं नाही." लसणाची पाकळी ताटलीत पडली. "सांगितलंस का कधी?"

थोड्या वेळाने विचारलं, "या ओतूरच्या आजी कोण?"

मग आईने सांगितलं. अण्णांच्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. ओतूरहून पुण्याला जाणारी सकाळची गाडी. एक म्हातारी बाई चढल्या, मुलगी दवाखान्यात होती तिच्याकडे निघालेल्या. तिकिटाला पैसे पुरेनात. त्यांनी कनवटीचा राणीछाप रुपया काढून दिला. अण्णा म्हणाले, आजी, राहू द्या, मी भरतो. तर त्या ऐकेनात. फुकट बसणार नाही म्हणाल्या. शेवटी अण्णांनी तिकिटाचे पैसे स्वतः भरले आणि रुपया ठेवून घेतला, परत भेटाल तेव्हा पैसे द्या आणि हा घेऊन जा, या बोलीवर.

"भेटल्या?"

"कुठल्या! पण ओतूरची ड्यूटी लागली की हे डबा उघडायचे आणि तो रुपया खिशात टाकून न्यायचे. न जाणो, चढली म्हातारी तर! पंधरा-सोळा वर्षं." आई थांबली. "तू नेल्यावर बंद झालं ते."

मी काही वेळ तिच्यासोबत लसूण सोलत बसलो. बायको काहीतरी विचारायला आत आली आणि न विचारताच परत गेली.

माझ्या रोजच्या कामात चूक झाली तर मागे जाता येतं. कालचं व्हर्जन काढायचं, परत चढवायचं, लोकांना कळतही नाही. चांदी एकदा आटली की तिला कालचं व्हर्जन नसतं. आणि त्या जोडव्यांनाही आतापर्यंत कुणी मोडून दुसरं काही केलं असेल. तो रुपया कुठेतरी आहेच, मला फक्त ओळखता येणार नाही.

रात्री लेकीने डबा बघायला मागितला. ती नऊ वर्षांची आहे. ती पैसे दुकानात फोन दाखवून देतात असंच बघत आली आहे, त्यामुळे तिला ही खेळण्यातली नाणी वाटली. दोघांनी जमिनीवर पसरली. चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा हे तिला दहा मिनिटांत पाठ झालं. पुड्या वाचून दाखवल्या. माळशेजच्या धुक्याला हसली, गोऱ्या साहेबाला हसली. मग तिने ती पाचवी उघडली.

"बाबा, ही रिकामी का?"

म्हटलं, आता चौतीस वर्षं लावायची नाहीत. सगळं सांगितलं. सोनार, बॅट, 'आईनं पाठवलंय' सकट. आई दारात उभी राहून ऐकत होती.

लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू त्या आजींना परत काय देणार?"

त्या आजी आता असत्या तर शंभरीच्या पुढे असत्या. त्यांचं नावही अण्णांनी लिहून ठेवलेलं नाही. मी लेकीला म्हटलं, माहीत नाही गं. तिने पुडी होती तशी घडी घातली आणि डब्यात सगळ्यात वर ठेवली. "सापडल्या तर असावी," म्हणाली.

डबा आता आमच्या हॉलमध्ये, टीव्हीखालच्या कपाटात आहे. बाजारात त्याला किंमत नाही हे तज्ज्ञांकडून तपासून घेतलेलं आहे. या दिवाळीला आई पुन्हा चिंच भिजवणार, आणि मी तिला अडवणार नाहीये. जुन्या बाजारातल्या काकांनी कृपया हे वाचू नये. येत्या शनिवारी लेकीला घेऊन ओतूरला जायचं ठरवलंय. तिथे काय करणार ते ठाऊक नाही. स्टँडवर थोडा वेळ बसू, चहा पिऊ. पुडी मी खिशात घालून नेणार आहे.

चला, सोमवारचं रिलीज डोक्यावर आहे.